इंजिनाला हात

बहात्तरच्या दुष्काळात मी गावच्या पाणी सोसायटीचा चेअरमन होतो. जपाननं गोऱ्या साहेबांना पगारावर बोलावलं, त्यांचं काम शिकून घेतलं आणि त्यांना परत पाठवलं, हे मी सभेत रंगवून सांगायचो.

विहिरीवरचं इंजिन बंद पडलं. माजलगावचा मिस्त्री चार दिवस येणार नव्हता. माझी बायको सरूबाई म्हणाली, "त्याचं काम मी लई डाव पाहिलंय. खोलू का?"

"चेअरमनची बायको मिस्त्री झाली म्हणून लोक हसतील."

"जपानला कुनी हसलं न्हाई का?"

मी तिला गप्प बसवलं. तिसऱ्या दिवशी पाण्यासाठी विहिरीत उतरताना ती पाय घसरून पडली आणि गेली.

मिस्त्रीनं येऊन नळीतला कचरा काढला. इंजिन लगेच सुरू झालं.

"हे तर वैनीला येत होतं," तो म्हणाला. "कावून थांबलात?"