हॉयटची टोपी

अलाबामातल्या त्या खेड्यात अँब्युलन्स कुठून येणार? आजाऱ्यालाही क्लीटसची काळी शववाहिकाच दवाखान्यात न्यायची. हॉयटच्या छातीत कळ आली, तेव्हा ओलेटाने नवऱ्याला तिच्यातच झोपवलं आणि त्याच्या उशाशी बसली.

गाडी कापसाच्या शेतांमधून निघाली. शववाहिका दिसली की वाटेवरच्यांनी थांबायचं आणि पुरुषांनी टोप्या काढायच्या, ही गावाची रीत. आणि रीतीला कुठे डोळे असतात? ट्रॅक्टरवाला थांबला. कापूस खुरपणारे माना खाली घालून उभे राहिले.

"अरे मेल्यांनो, जिवंत आहेत ते!" ओलेटा काचेवर बुक्क्या मारत ओरडली. बाहेरच्यांना वाटलं, दुःखाने बिचारीला वेड लागलं. त्यांच्या माना आणखी खाली गेल्या.

"क्लीटस, पळव ना रे गाडी!"

"पळवतोय मावशी. म्हातारं धूड आहे हे, किती पळणार?"

हॉयट काचेतून सगळं बघत होता.

"कोण गेलं गं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. तुम्ही गप पडा बघू."

हॉयटने मग स्वतःची टोपी काढली आणि छातीवर धरली.