एका ग्रॅमला किती मेथेनॉल?

'हिरवा' हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं फिरतं. आमच्या ओस्मो प्राध्यापकाच्या तोंडी दुसरा शब्दच नाही. त्याचं ते द्रवरूप मीठ म्हणे हिरवं, म्हणजे पर्यावरणाला निरुपद्रवी. वाफ नाही, वास नाही, आणि बर्चच्या लाकडाचा लगदा त्यात साखरेसारखा विरघळतो. मग त्या लगद्याला हवा तो रासायनिक गट चिकटवा. इथवर सगळं खरं आहे. पण तयार झालेली पावडर त्या मिठातून सोडवायला मेथेनॉलनं सहा-सहा वेळा धुवावी लागते, आणि धुणारी मी, केर्तू, प्रयोगशाळेची तंत्रज्ञ. धुऊन खराब झालेल्या मेथेनॉलची पिंपं भरून जाळायला जातात.

वेन्ला ही आमची पीएचडीची पोरगी. तिनं दोन वर्षं हेच मोजलं. धुवायला किती लागतं, मीठ परत किती मिळतं, तिसऱ्या वापरात ते काळपट होऊन लगदा कसा विरघळेनासा होतो. प्रबंधातलं ते पाचवं प्रकरण. ओस्मोनं ते काढायला लावलं.

"विषयाच्या बाहेर जातंय," तो कॉफी ओतत म्हणाला.

"बाहेर पिंपं जातात, ओस्मो!"

"केर्तू, तू आपली भांडी धू."

वेन्ला दालचिनीच्या पावाचा नुसता चुरा करत बसली होती. तिची पुढची नोकरी ओस्मोच्याच हातात. तरी मला तिचाही संताप आला. एवढं मोजलंस, आणि आता मूग गिळून बसतेस?

वेन्लाच्या प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला ओस्मो मागे शेपट्यांचा समारंभी कोट घालून अध्यक्षाच्या खुर्चीत बसला. जर्मनीहून आलेले एक म्हातारे परीक्षक दोन तास गोडगोड विचारत राहिले. 'हिरवा' किती वेळा झालं, मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी वेन्ला उठून रिवाजाचं वाक्य म्हणाली, "माझ्या प्रबंधावर कुणाचा आक्षेप असेल, तर त्यांनी अध्यक्षांकडे बोलायची परवानगी मागावी."

यावर कधी कुणी उठत नाही. आम्ही फिनलंडची माणसं भरसभेत तोंड उघडण्यापेक्षा दात उपटून घेऊ. शिवाय बाहेर केक वाट बघत असतो.

मी उठले.

ओस्मो पांढराफटक पडला. पण हात वर झाला की परवानगी द्यावीच लागते.

"एक ग्रॅम धुवायला किती मेथेनॉल लागतं?" मी विचारलं.

वेन्लानं ओस्मोकडे पाहिलं. माझ्या रागापायी या पोरीची भाकरी जाणार होती.

"चारशे मिलिलिटर," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

परीक्षकांनी चष्मा काढला. "प्रबंधात हे मला कुठे दिसलं नाही."

"पाचवं प्रकरण होतं. प्राध्यापकांनी काढायला लावलं."

"मग ते मला आजच वाचायला द्या. माझा अहवाल त्यानंतर."

केककडे कुणी फिरकलं नाही. ओस्मोनं मला जिन्यात गाठलं. त्याला झाडायला चार कडक शिव्या मी तयार ठेवल्या होत्या.

"बावीस वर्षं पिंपं भरत गप्प होतीस तू," तो दात-ओठ खात म्हणाला. "आणि वाचा फुटली ती हिच्या परीक्षेत!"

त्या चारही शिव्या मग मी स्वतःलाच दिल्या.