निरोप न मिळालेल्या मेंढ्या

तिने मेंढीच्या पोटाखाली दोन्ही तळवे लावले आणि श्वास रोखला. आत पिल्लू हललं, सावकाश, झोपेत कूस बदलावी तसं. मेंढी काही मागे वळून पाहीना. पुढ्यातला चारा ओढून खाण्यात ती दंग होती.

पलीकडच्या गोठ्यात नव्या कोकरांनी नुसता कल्ला मांडला होता. इथे मात्र गळ्यात निळा दोरा बांधलेल्या नऊ मेंढ्या होत्या आणि सगळं चिडीचूप होतं. ज्या दिवशी मेंढा लावला त्या दिवसाच्या रंगाचा दोरा, अशी या घरची पद्धत. निळ्यांचे दिवस भरून तीन आठवडे उलटले होते. पोटं जमिनीला टेकायला आली, पण कास भरत नव्हती आणि कळांचं नाव नव्हतं. रोज सकाळी गोठ्याचं दार उघडलं की ती आधी निळ्यांच्या कासा चाचपून बघायची.

जनावरांची डॉक्टरीण हातमोजे चढवत होती.

"दिवस भरले की पोटातलं पिल्लूच आईला निरोप देतं, मग कळा येतात. यांना निरोपच मिळालेला नाही. आपल्याला व्यायचंय, हे त्यांना ठाऊकच नाही."

"मग आता?" दारात उभ्या असलेल्या धाकट्या दिराने विचारलं.

"पोट उघडून काढायचं."

कोपऱ्यातल्या बाकावर सासरा कळप हाकायच्या काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तिने मेंढी आडवी करून घट्ट धरली.

कोकरू निघालं ते चांगलं मोठं, अंगभर दाट लोकर असलेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड पुसलं आणि त्यांचा हात थांबला. नाकाच्या जागी काही नव्हतं. कपाळाच्या मधोमध एकच डोळा होता, सताड उघडा, आणि मेंढी धरून बसलेल्या तिच्याकडेच तो सरळ पाहत होता. पाच-सहा आचके देऊन कोकरू संपलं. डोळा काही मिटला नाही. मेंढीने मान वळवली आणि फक्त नवजात कोकरासाठी असतो तो हलका, घोगरा आवाज काढला. काढतच राहिली.

"दलदलीत एक रुंद पानांचं झाड उगवतं, त्याचे हे प्रताप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवसाच्या सुमाराला खाण्यात आलं की असं होतं. कोणी नेल्या होत्या तिकडे?"

"खालच्या दलदलीच्या कुरणात पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे!" दीर उसळला. "ज्याने नेल्या असतील त्याच्या हाती पुन्हा कळप देणार नाही. मग तो कुणीही असो."

नवरा गेल्यापासून या घरात तिची जी काय जागा होती ती कळपामागेच होती. आणि मेंढ्या नेल्या होत्या तिनेच. एकच सकाळ. त्या कुरणाला तीन बाजूंनी पाणी आणि एकच फाटक, मेंढ्या जातात कुठे, म्हणून त्यांना तिथे सोडून ती जरा आडवी झाली होती. थकून पार गळून गेली होती. जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आता बोलायला हवं होतं, पण तिने मेंढीचे पाय तेवढे आणखी घट्ट धरले.

"मी नेल्या," सासरा म्हणाला.

"बाबा, तेव्हा तुमची पाठ धरली होती. अंथरुणात होतात तुम्ही."

"पाठ धरली होती, पाय नव्हते धरले. फाटकाची कडी गंजली होती. दगडाने ठोकून काढली."

कडीचं आणि दगडाचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या पलंगाजवळची खिडकी नेमकी त्या फाटकासमोर उघडते, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. पाच महिने तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

दीर दारातून आत आला.

"ठेवा ती काठी," तो म्हणाला. "उद्यापासून घरी बसा. कळप वहिनी बघतील."

म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली. रिकाम्या हाताचं काय करावं ते त्याला कळेना. त्याने तो मांडीखाली घातला.

"मामंजी..." ती म्हणाली. "ते मी..."

"दुसरी आण," तो म्हणाला. "आणि या खेपेला तिच्या डोळ्यांवर हात ठेव, पोरी. सगळंच बघायला हवं असं नाही."

तिने दुसरी मेंढी आणली, आडवी केली आणि डोळ्यांवर हात ठेवला. मेंढीच्या पापण्या तळव्याला दोनदा लागल्या, मग मिटल्या.