काठवटीला इंजिन ऑइलचा वास

मी एक जुनी काठवट आहे. पीठ मळायची लाकडी परात म्हणा हवं तर. मित्रांनो, माझ्या जवळ येऊ नका. माझ्या अंगाला वास येतो.

जन्म. निबंधात आधी जन्म लागतो. उरणच्या एका सुताराने शिवणीच्या ओंडक्यातून मला कोरलं. सारसोळ्याच्या सरस्वतीला तिच्या आईने मला लग्नात दिलं.

उमेदीचा काळ. तांदळाच्या पिठाची गरम उकड माझ्यात पडायची. सरस्वती पाण्याचा हात लावून ती मळायची. काम झालं की ओल्या फडक्याने मला पुसायची, खोबरेल चोळायची. साबण कधीच नाही. लाकूड सगळं पितं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. घरात कार्य असलं की माझ्यातली पहिली भाकरी गावदेवीला जायची.

तिची भाची स्नेहल लहानपणी माझ्या काठावर हनुवटी टेकून बसायची. पुढे ती फोटोग्राफर झाली, सानपाड्याला फ्लॅटमध्ये राहू लागली. लडाख, हंपी, कुठे कुठे फिरली आणि सगळीकडून लोकांच्या चुलींचे फोटो घेऊन आली. "मावशी, सुंदर काय असतं सांगू? रोजचं. कुणाचं लक्ष नसतं ना, तेच," असं म्हणायची. मला ते खरं वाटायचं.

आता कौतुक. कौतुकाचा भाग लिहायचाच असतो. लिहिते.

एका नव्या हॉटेलच्या जाहिरातीसाठी स्नेहल मला महाप्याच्या स्टुडिओत घेऊन गेली.

"बाय, कुंदनच्या हलदीच्या आधी आन हां," सरस्वतीने बजावलं. कुंदन तिचा मुलगा.

"आणते गं. टेन्शन नको घेऊ."

स्टुडिओत विश्वजित नावाचा माणूस जेवण सजवत होता. सजवत! कोळंबीवर त्याने हेअरस्प्रे मारला. सोलकढीच्या वाटीत पोस्टर कलर ओतला. भाकरीवर वॉर्निश. भाकरीमागे ओला कापूस गरम करून ठेवला, त्याची वाफ. आणि सगळे म्हणाले, "वा! काय टेम्प्टिंग!" एकानेही घास घेतला नाही.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे लाकूड डल दिसतंय. इंजिन ऑइल मार, चमकेल."

"अरे, मावशीची आहे ती," स्नेहल म्हणाली.

"मग धुऊन दे ना मावशीला!"

ती कॅमेऱ्यातून बघत राहिली. मी वाट पाहत होते. "कडेला अजून थोडं लाव," ती म्हणाली. "हां. बस."

मी प्यायले. मला नको म्हणता येत नाही.

जाताना तिने मला चंदनाच्या साबणाने धुतलं. तोही प्यायले.

इथे "उपेक्षा" यायला हवी. नाही आली. आली ती कुंदनची हळद.

मांडवामागे बायका भाकऱ्यांना बसल्या. सरस्वतीने वाफाळती उकड माझ्यात ओतली, आणि त्या उष्णतेने माझ्या पोटातलं सगळं वर आलं. काळं, चिकट, ऑइलचा आणि चंदनाचा वास मारणारं.

वेणूबाई शेजारून ओरडली, "अगो, रिक्शा जेवाय बसलीय का काय इथं?"

बायका हसल्या. सरस्वती हसली नाही. तिने बोटं नाकाशी नेली. समोर स्नेहल उभी होती, गळ्यात कॅमेरा.

"काय लावलंस हिला?"

"तेल, मावशी."

"कसलं?"

स्नेहल वाकून हाताने माझा काठ पुसू लागली.

"देवीच्या भाकरीची काठवट हाय ही. तुला ठाव नवतं?"

"ठाऊक होतं."

"मंग बघतंस काय? वाफ बघ कशी खरी येतेय. काढ फोटो."

स्नेहलने कॅमेऱ्याला हात लावला नाही. सरस्वतीने ती उकड खरवडून काढली. "कोंबड्यांना पन घालू नका," म्हणाली. कॅटरर्सवाल्याची स्टीलची परात आली. देवीची भाकरी तिच्यात झाली. स्नेहल बाह्या सरसावून थापायला बसली. तिच्या भाकऱ्या फाटत होत्या, तरी तिला कुणी ऊठ म्हटलं नाही. तिच्याशी कुणी बोललंही नाही.

मी आता मागच्या पडवीत पडून आहे. माझ्यात साधं पाणी ठेवलं तरी त्यावर रंगीत तवंग येतो. चिमणी येते, तवंग बघते, उडून जाते.

माझा फोटो मात्र हायवेवर लागलाय. वर लिहिलंय, "आईच्या हातची चव". येणारेजाणारे गाडी हळू करून बघतात, तोंडाला पाणी सुटतं म्हणतात. मला मळमळतं, आणि लाकडाला ओकता येत नाही.

मित्रांनो, फोटोतल्या त्या भाकरीला कुणाचा दात लागला नाही. ती कचऱ्याच्या पिशवीत गेली, मी पाहिलंय. तुम्ही आमचे फोटो जरूर काढा. पण कुणाच्या स्वयंपाकघरातून आम्हाला उसनं न्याल, तेव्हा जे स्वतःच्या तोंडात घालाल, तेवढंच आमच्या अंगाला लावा.