नुसते येतात, नुसते जातात

टण्ण!

ओट्यावरची वाटी फरशीवर आपटली, घरंगळत गेली आणि फ्रिजखाली जाऊन गप्प झाली. मी श्वास रोखला. आत सुखदाने कूस बदलली, पण उठली नाही. म्हणजे अजून थोडा वेळ माझा होता.

समोर माझी गोष्ट. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी लिहिलेली. सुखदा झाल्यापासून मी किराण्याच्या यादीपलीकडे लिहिलेलं हे पहिलंच काहीतरी. आणि अंक काढणाऱ्या चित्राकाकूंनी ती सकाळी लिफ्टमध्येच माझ्या हातात परत कोंबली होती.

"अगं, आजोबा येतात, नवरा जातो, दूधवाला येतो, बस जाते. गोष्ट आहे की कंपनीचं गेट? क्रियापदं बदल. संध्याकाळी न्यायला येते. नाहीतर ते पान वर्षालीच्या चकल्यांना!"

वर्षालीच्या चकल्या गेल्या वर्षीही छापून आल्या होत्या. कृती आणि फोटोसकट. यंदा चकलीपुढे हार मानायची नाही, असं ठरवून मी पेन्सिल उचलली. दूधवाला 'धडकला'. नवरा बसकडे 'झेपावला'. आजोबा बाल्कनीत 'अवतरले'. वाचून पाहिलं, तर आमच्या पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये भर सकाळी लढाई जुंपली होती.

"कोण झेपावलं?" दारात सुखदा. केस विस्कटलेले, काखेत उशी. मी मोठ्याने वाचत होते वाटतं.

"बाबा. चाकणची बस पकडायला."

"हॅ! बाबा असे जातात." तिने उशी फेकली, माझी एक चप्पल पायात अडकवली, दुसरी हातात धरली, नसलेली पोळी तोंडात कोंबली आणि लंगडत दाराकडे सुटली. थेट निरंजन! मी भराभर खोडलं, लिहिलं: पोळी कोंबली. एका बुटावर लंगडला. दुसरा जिन्यात चढवला.

"आणि आजोबा?"

तिने हात मागे बांधले, पाय घासत कुंडीपर्यंत गेली, वाकली, जास्वंदीला दटावलं, "काय गं, आज फूल न्हाई व्हय?"

आजोबा रेंगाळले, वाकले, दटावू लागले.

दूधवाला तर तिने असा वठवला की मला हसू आवरेना. कोपराने बेल दाबायची, पिशवी दाराच्या कडीला लटकवायची आणि ओरडत पळायचं. पान भरत आलं. वर्षालीच्या चकल्या माझ्या डोळ्यांदेखत मागच्या पानावर सरकल्या.

"आता सगळी वाच," बाईसाहेबांचा हुकूम.

मी वाचू लागले, ती करू लागली. लंगडली, रेंगाळली, लटकवून पळाली. मग शेवटचं वाक्य आलं: आई खिडकीशी उभी होती.

सुखदा खिडकीशी जाऊन उभी राहिली. वाट बघत राहिली.

"पुढे?"

"संपली."

"एवढंच?" तिने मान वळवली.

बेल वाजली. चित्राकाकूच. "झालं का गं?" दाराबाहेरून हाक आली. मी उठले नाही. पेन्सिल त्या 'उभी होती'वर टेकवून बसले.

सुखदा खिडकीपासून हलली नव्हती. पडदा मुठीत धरून ती माझ्याकडे बघत होती.

"सगळे काय काय करतात. मग आईला काय करायचंय गं?"