लाल कोणती, हिरवी कोणती?

मी पितांबर मिस्तरीचा टेस्ट लॅम्प बोलतोय. बोलतोय म्हणायचं एवढंच. खरं तर मला दोनच गोष्टी येतात. तारेत करंट असला की पेटायचं, नसला की गप्प राहायचं. खोटं बोलणं मला जमत नाही. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर एवढी दुकानं आहेत, असं छातीठोकपणे सांगणारा दुसरा कुणी असेल तर दाखवा मला!

माझा जन्म धुळ्याचा, १९८३ सालचा. पितांबर तेव्हा आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात कामाला होता. एके दिवशी उस्तादाने लाल तार जोडायला सांगितली आणि याने हिरवी जोडली. ट्रकचा ब्रेक दाबला की हॉर्न वाजायला लागला. सगळं गॅरेज पोट धरून हसलं, उस्तादाने मात्र कानाखाली आवाज काढला. ‘घाईत चुकलं,’ असं पितांबर म्हणाला. खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नाही. त्याला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसतच नव्हता.

त्याच दिवशी त्याने मला बनवलं. गोधडी शिवायचा दाभण, स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब, मोडक्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ आणि हातभर तार, तिच्या टोकाला एक चिमटा. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा, दाभण तारेत टोचायचा आणि माझ्याकडे बघायचं. रंगाशी काही देणंघेणंच नाही.

पुढे त्याने जळगावला स्वतःचं दुकान टाकलं. रावेर, जामनेरपासून गाड्या यायला लागल्या. लोक कौतुकाने म्हणायचे, “पितांबर मिस्तरी रंग पाहत नाही, करंट पाहतो!” तो नुसता हसायचा. कौतुक त्याचं व्हायचं आणि चटके मला बसायचे, पण मी कधी कुरकुर केली नाही. त्याचं गुपित मला एकट्याला ठाऊक होतं, याचा मला अभिमानच होता.

१९९६ च्या वैशाखात रावेरचे गिरधरभाऊ जीप घेऊन आले. केळीचे मोठे बागायतदार, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. मस्कतला असलेल्या त्यांच्या पुतण्याने एक डबी पाठवली होती. ती गाडीत बसवली की लांबून बटण दाबलं तरी गाडी चालू होते म्हणे!

“परवा पोरीचं लगन हाये, मिस्तरी,” गिरधरभाऊ म्हणाले. “म्या मांडवातून बटन दाबीन न जीप चालू झाली पाह्यजे. व्याही पाह्यतच राह्यला पाह्यजे!”

पितांबरने असली डबी जन्मात पाहिली नव्हती. पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मला घेऊन तो डॅशबोर्डखाली शिरला.

आत वीसेक तारांचा गुंता. गिरधरभाऊ चावी फिरवत होते आणि मी एकेक तार तपासत होतो. एका तारेवर मी चावी लावताच पेटलो, पण सेल्फ मारून इंजिन फिरवताच विझलो. ती रेडिओची निघाली. दुसरीवर सेल्फ मारतानाही पेटलेलाच राहिलो. तीच इंजिन जिवंत ठेवणारी. तिसरीवर फक्त सेल्फ मारण्यापुरता पेटलो. पंगत बसली की तेवढ्यापुरता हजर होणारा पाहुणा असतो ना, तशी ती सेल्फची तार. तासाभरात जीपचं सगळं गणित सुटलं आणि मी फुशारलो.

मग पितांबरने डबी उघडली आणि माझी फुशारकी उतरली. डबीतून सहा तारा लोंबत होत्या. तिच्यात अजून करंटच नव्हता, मग मी काय सांगणार? कोणती तार कशाची, ते सोबतच्या कागदावर इंग्रजीत छापलं होतं, तेही रंगावरून. लाल बॅटरीला, हिरवी सेल्फला. उलटसुलट झालं तर डबी जळणार, नाहीतर लग्नाच्या गर्दीत जीप भलत्याच वेळी उडी मारणार.

पितांबर त्या दोन तारांकडे बघत राहिला. मग त्याने कागद पुढे केला.

“भाऊ, मना चष्मा घर राही ग्या. जरा तुम्हीच वाचा ना, नि तार काढी द्या.”

गिरधरभाऊंनी कागद लांब धरला, जवळ धरला. “माह्याबी चष्मा रावेरलेच राह्यला,” ते म्हणाले.

आता पितांबरच्या नाकावर तेरा वर्षांत मी चष्मा कधी पाहिला नव्हता. एरवी मला हसू आलं असतं, पण त्याने दोनांतली एक तार उचलली आणि सोलायला घेतली. तो अंदाजाने जोडणार होता. मला ओरडावंसं वाटलं. करंटाशिवाय ओरडणार कसा?

“पोरगी न जावाई याच जीपमंधी बसतीन,” गिरधरभाऊ कौतुकाने सांगत होते.

पितांबरचा हात थांबला. त्याने तार खाली ठेवली.

“गिरधरभाऊ, माले लाल नि हिरवा रंग एकसारखाच दिखस. लहानपनपाईन. आजपावत कोनलेच सांगेल नही. तुम्हले दुसरा मिस्तरीकडे जावानं व्हई ते जा.”

संपलं, मी मनात म्हटलं. रंग न दिसणाऱ्या मिस्तरीकडे गाडी कोण आणणार? मला त्याची फार फार दया आली.

गिरधरभाऊंनी खिशाचा पेन काढला आणि स्टुलावर ठेवला.

“हा पेन नुसता शोभेले हाये, मिस्तरी. मले अक्षर वळखता येत नही. इंग्लिश सोडा, मराठीबी नही.”

दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की शेजारच्या पंक्चरवाल्याने डोकावून पाहिलं.

पुढचं काम दोघांनी केलं. पितांबर अक्षर अक्षर जोडून वाचायचा आणि गिरधरभाऊ त्या रंगाची तार हातात द्यायचे. सगळं जुळल्यावर पितांबर म्हणाला, “बटन दाबाना पहिले गिअर काढा भाऊ, नही ते जीप व्याहीना आंगवर जाई!” आमच्याकडे हँडब्रेकवर कुणाचा भरवसा नसतो, जीप पहिल्या गिअरमध्येच उभी करतात. गिअर काढला, बटण दाबलं आणि जीप जागच्या जागी सुरू झाली.

जाताना गिरधरभाऊंनी लग्नपत्रिका दिली. दिली, पण हातातून सोडली नाही.

“चार गावं वाटली, मिस्तरी. पन काय छापलं ते मले मालूमच नही. कोनाले इचारू?”

पितांबरने पत्रिका सावकाश वाचून दाखवली. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कमल हिच्या नावाशी गिरधरभाऊंचे डोळे भरले.

“माह्यं नाव कोठी हाये?” त्यांनी विचारलं.

पितांबरने बोट ठेवून दाखवलं. त्याने बोट उचलल्यावर गिरधरभाऊंनी आपलं ठेवलं, आणि कितीतरी वेळ ते तसेच उभे होते.

आज तीन वर्षं झाली. माझा दाभण बोथट झालाय आणि बाजारात आकडे दाखवणारी मीटरं आलीत. पितांबर आता गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, “रंग तुम्ही सांगा.” ते ऐकून दोन ड्रायव्हर गाडी वळवून गेले, बाकीचे टिकले. माझं मागणं एवढंच आहे. कधी चौफुलीला आलात आणि मिस्तरीने विचारलं, ही तार लाल की हिरवी, तर हसू नका. सांगून टाका. पुढचं मी बघतो.