डोंगा कलला तेव्हा

मूल गावच्या बाजारात अयूबचं शिलाईचं दुकान होतं. लग्नानंतरचा पहिला पावसाळा सरला, तेव्हा तो नजमाला डोंगरातलं धरण दाखवायला घेऊन आला. दोन डोंगरांच्या मधल्या लांबलचक भिंतीवरून ती चालत राहिली. पाणी पार पलीकडच्या जंगलाला जाऊन भिडलं होतं.

"डोंग्यात बसू ना," ती म्हणाली.

लच्छू ढिवराचा डोंगा काठालाच लागलेला होता. अयूबला पोहता येत नव्हतं, पण नव्या बायकोला ते कसं सांगायचं?

"चाल," तो म्हणाला. "मी आहो ना, भेव कायचं?"

डोंगा बराच आत गेला आणि एकाएकी वारा सुटला. डोंगा कलला, भसकन पाणी आत आलं. नजमानं घाबरून अयूबचा हात धरला. त्यानं तो झटकला, तिला खांद्यानं बाजूला रेटलं आणि लच्छूच्या कमरेला मिठी मारली.

"मले वाचव, भाऊ! मले वाचव!"

नजमा डोंग्याच्या काठावर आपटली, अर्धी पाण्यात लोंबकळली. लच्छूनंच हात लांबवून तिला आत ओढलं.

"सोडा ना मले!" तो अयूबवर ओरडला. "तुमच्यानंच डोंगा हलून राह्यला!"

वारा पडला. लच्छूनं डोंगा मागं वळवला. काठावर उतरल्यावर अयूबनं आपला कोट काढून पुढं केला. नजमानं तो अंगावर घेतला, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. ती भांडली असती, रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला मोटारीत सारखं वाटत होतं.

घरी त्याची आई कमरजहाँ दारातच उभी होती.

"अगं, इतकी भिजली कशी?"

"डोंगा कलला, अम्मी," नजमा म्हणाली. "मी पडतच होती. यायनं धरलं म्हून वाचली."

कमरजहाँनं कौतुकानं लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. अयूबला तो हात सोसवेना.

"खोटं आहे," तो म्हणाला. "मी नाई धरलं. मी हिले ढकललं, अम्मी."

पाठीवरचा हात थांबला. नजमा खाली मान घालून आत गेली. तो तिच्या मागं गेला.

"काऊन सांगितलं?" तिनं विचारलं. "मले वाईट नसंल वाटलं? पण ते माह्याजवळ होतं. आता अम्मी मले पाहतीन तर कीव करतीन. नवऱ्यानं ढकललेली बायको म्हून."

खरं बोललो म्हणजे जरा हलकं वाटेल, असं त्याला वाटलं होतं.

बाहेरून कमरजहाँनं नजमाला हाक मारली, चुलीजवळ बसवलं, चहा दिला. अयूबला कोणी हाक मारली नाही. दुकानात जाऊन येतो, असं पुटपुटून तो बाहेर पडला. आज सुट्टीचा वार, सगळा बाजार बंद असतो, हे त्याला चौकात पोचल्यावर आठवलं.